ताई, तीन सेकंदात 'हो' म्हणायची काय घाई होती?

या वेळचं पत्र कराडहून आलंय. मोठं होतं, थोडं कापलंय, बाकी त्यांच्याच शब्दात.

"नमस्कार सर. मी ४७ वर्षांची, पोस्टात नोकरी करते. मुलाला चेसच्या क्लासला सोडायला जायचे, बाहेर बसून बसून मीच शिकले. त्याने नववीत सोडलं, मी धरलं. २०२२ ला पहिलं रेटिंग १०८० आलं, मार्च २०२४ मध्ये फिडेने (बुद्धिबळाची जागतिक संघटना) २००० च्या खालच्या सगळ्यांची रेटिंगं वाढवली तेव्हा १४४८ झालं, आता १४९६ आहे, साठेक रेटेड डाव झालेत. मागच्या महिन्यात एका ओपनमध्ये १८० खेळाडू, माझा सीड (रेटिंगप्रमाणे यादीतला नंबर) १०४, पहिल्याच राऊंडला १४ नंबरचा सीड, २१३४ रेटिंगचा सोळा वर्षांचा मुलगा आला. मी पांढरी, नेहमीसारखं लंडन (डावाची एक ठरलेली सुरुवात) लावलं आणि जमेल तशी मारामारी करत गेले. २२ व्या चालीला तीच तीच चाल करून ड्रॉ होत होता पण तो वेगळा खेळला. मग त्याने एक प्यादं खाल्लं आणि त्यात त्याचा हत्ती माझ्या उंटाच्या बदल्यात गेला. ३४ व्या चालीला माझ्याकडे हत्ती आणि पाच प्यादी, त्याच्याकडे घोडा आणि पाच प्यादी, वजीर दोघांचे गेलेले. माझ्या घड्याळात ४१ मिनिटं, त्याच्या ६. मी विचार करत असताना तो हळूच म्हणाला, आंटी ड्रॉ? मी लगेच हो म्हणाले, हात पुढे केला. खरं सांगायचं तर त्याची दयासुद्धा आली, घामाघूम झाला होता, माझ्या मुलाहून तीन वर्षांनी लहान. सगळ्यांनी अभिनंदन केलं. त्याचे कोच मात्र म्हणाले की काकू तुम्हाला ते जिंकता आलं नसतं, पोराने उगाच दिला ड्रॉ. घरी आल्यावर मुलाने डाव इंजिनला (डाव तपासणारं सॉफ्टवेअर) लावला तर प्लस चारच्या वर (म्हणजे पांढरी सरळ जिंकतेय). पुढचे दोन्ही राऊंड हरले, डोक्यात तेच. मी घाबरट आहे का? परत असा डाव आला तर काय करू? — ड्रॉवाली काकू"

ताई (काकू म्हणणार नाही, माझी केसं तुमच्यापेक्षा जास्त पांढरी असतील), पत्र वाचून आधी हसलो आणि मग जरा वेळ गप्प बसलो. ते का ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. ड्रॉ घेतलात याचं मला काहीच वाईट वाटलं नाही, २१३४ वाल्याबरोबर अर्धा पॉइंट म्हणजे पेढे वाटण्यासारखीच गोष्ट आहे, वाटले नसतील तर अजून वाटा. मला खुपलं ते "लगेच". ४१ मिनिटं होती हो तुमच्याकडे! ४१ मिनिटांत कुकरच्या दोन शिट्ट्या होऊन वरण फोडणीला जातं, आणि तुम्ही तीन सेकंदात डाव संपवून हात पुढे केलात.

नियम काय आहे ते सांगतो, कारण क्लासमध्ये हे कोणी नीट शिकवत नाही, सगळे इटालियन आणि सिसिलियन ओपनिंग शिकवत बसतात. ड्रॉ मागायचा असेल तर आपली चाल पटावर करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. त्या मुलाने तुमचं घड्याळ चालू असताना, तुम्ही विचारात असताना विचारलं, ही चुकीची पद्धत. ऑफर तरीही वैध धरली जाते, पण असं वारंवार करून समोरच्याला डिस्टर्ब करणं नियमात बसत नाही, आर्बिटरला (पंचांना) सांगता येतं. आणि यातली कामाची गोष्ट ही की एकदा ऑफर केली की त्याला ती मागे घेता येत नाही. ती पटावर पडून राहते, तुमची वाट बघत. तुम्ही दहा मिनिटं विचार करा, पाणी पिऊन या, स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, त्या चालीपाशी कंसात बरोबरीचं चिन्ह, (=) असं, टाका (हे टाकायचंच असतं, परत परत विचारलं तर तोच तुमचा पुरावा), सगळी प्यादी मोजा, आणि मग ठरवा.

आणि नाही कसं म्हणायचं? तर म्हणायचंच नाही. सोंगटी हलवायच्या हिशोबाने तिला हात लावला की ऑफर नाकारली, संपलं, तोंडातून शब्द काढायची गरज नाही. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय कारण माझा अंदाज असा आहे की तुम्ही घाबरलात कमी आणि भीड पडली जास्त. आपल्याकडे, त्यातून बायकांना, समोरच्याने काही मागितलं तर तोंडावर नाही म्हणायची सवयच नसते, पंगतीत जिलबी वाढणारा समोर उभा राहिला की पोटात जागा नसली तरी ताटावरचा हात आपोआप बाजूला होतो, तसं झालं ते. घामाघूम झालेलं पोरगं, आंटी म्हणतंय, आपल्या मुलाएवढं. तुम्ही त्याला ड्रॉ वाढलात! त्याच्याकडे बघायचंच नव्हतं. मान खाली, हत्तीला हात, घड्याळ. अपमान वगैरे काही होत नाही त्यात, त्यालाही सवय असते.

आता त्या कोच महाशयांचं. "उगाच दिला" म्हणे. ताई, रेटेड टुर्नामेंटमध्ये वरच्या रेटिंगवाला खालच्याला ड्रॉ उगाच देत नाही, कधीच नाही, लग्नातला आहेर आहे का तो? हिशोब बघा. रेटिंगची ही पद्धत अर्पाड एलो नावाच्या गृहस्थांची, जन्माने हंगेरियन, अमेरिकेत मिल्वॉकीला फिजिक्स शिकवायचे, फिडेने १९७० मध्ये ती घेतली. तुमच्यात आणि त्याच्यात फरक ६३८ चा, पण हिशोबाला ४०० च धरतात. ४०० च्या फरकाला तुमच्याकडून अपेक्षा ०.०८ पॉइंटची, म्हणजे शंभर डावांत आठ पॉइंट. तुमचा के फॅक्टर, म्हणजे निकाल आणि अपेक्षा यातल्या फरकाला ज्याने गुणायचं तो आकडा, २०. म्हणजे हरलात तर रेटिंगमधून जातात १.६, ड्रॉ केलात तर मिळतात ८.४, जिंकलात तर १८.४. आता पटाच्या पलीकडे जा. तो अठराच्या आतला आणि रेटिंग २३०० च्या खाली, म्हणजे त्याचा के ४०. तो जिंकला तर त्याला मिळणार ३.२. ड्रॉ झाला तर जाणार १६.८. आणि हरला असता तर ३६.८!

परत एकदा वाचा. तुम्ही हरलात तर दीड पॉइंट, तो हरला तर सदतीस. मग घाम कोणाला फुटायला पाहिजे? आणि फुटलाच होता की, तुम्हीच लिहिलंय. तुम्हाला तो दिसला, पण तुम्ही त्याची दया केलीत, त्याचा अर्थ नाही लावलात.

दुसरी खूण २२ व्या चालीची. तेव्हा ड्रॉ आयता समोर होता, त्याने घेतला नाही, कारण १४९६ वाल्या आंटीबरोबर ड्रॉ कसा करणार, मित्र काय म्हणतील, कोच काय म्हणतील. वरच्या खेळाडूवर हीच एक सक्ती असते, त्याला जिंकायलाच लागतं, म्हणून तो बरोबरीची पोझिशन ताणतो, ताणतो, आणि एखाद्या वेळी तुटते. प्यादं खायला गेला आणि हत्ती देऊन बसला ते यातूनच. २२ व्या चालीला नको असलेला ड्रॉ ३४ व्या चालीला, सहा मिनिटं उरलेली असताना, तुमच्या घड्याळावर कुजबुजत मागतोय... याला दान म्हणत असतील तर मग वसुलीला काय म्हणायचं? ड्रॉची ऑफर हीसुद्धा एक चालच असते. चाल आल्यावर जसं विचारतो ना आपण, याने हे का केलं, तसंच ऑफर आल्यावर विचारायचं, आत्ता का मागतोय.

आता मी गप्प का बसलो ते. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी जिल्ह्यात पहिला-दुसरा असायचो आणि तसा मिरवायचोही. एका मंगल कार्यालयात टुर्नामेंट, वर लग्नाच्या झालरी तशाच लटकतायत, पहिल्या राऊंडला रिटायर्ड शाळामास्तर समोर, धोतर-टोपी, स्वतःचं पेन स्वतः टोक करून आणल्यासारखं नीट वहीशेजारी ठेवलेलं. मी उभ्या उभ्या खेळत होतो, चाल केली की दुसऱ्यांचे बोर्ड बघत फिरायचो. परत आलो तर माझा उंट अडकलेला, सुटायला जागा नाही. बसलो. पहिल्यांदा खुर्चीत नीट बसलो त्या दिवशी. दहा मिनिटं बघितलं, काही नव्हतंच. मग मी काय केलं, सगळ्या सोंगट्या घरात नीट मध्यावर सरकवल्या, एकदम आरामात असल्यासारखा मागे टेकलो आणि मोठ्ठं हसून म्हणालो, काय गुरुजी, करूया का ड्रॉ, जेवायला जाऊ. आतून छाती धडधडत होती, टेबलाखाली पाय हलत होता. गुरुजी एकदम खूश! दोन्ही हातांनी माझा हात धरला, बाहेर नेऊन चहा पाजला, वर दोनदा थँक्यू म्हणाले. तो चहा मला आजही आठवतो, गोड होता आणि घशाखाली उतरत नव्हता. तर त्या मुलाच्या खुर्चीत मी बसलेलो आहे ताई, आतलं माहितीये. तिथून बघितलं की समोरच्या कमी रेटिंगवाल्याच्या हातात किती मोठी काठी आहे ते दिसतं, आणि एकच प्रार्थना असते की त्याला ती दिसू नये.

इंजिनचं प्लस चार मात्र फार मनावर घेऊ नका. इंजिनच्या पोटात गोळा येत नाही, त्याला समोरचा मुलगा दिसत नाही, आणि हत्ती विरुद्ध घोडा जिंकलेलं असलं तरी ते जिंकून दाखवावं लागतं, १५०० च्या लेव्हलला दहातले दोन-तीन डाव तरी घोड्याच्या फोर्कमध्ये (एकाच उडीत दोन सोंगट्यांवर मारा) जाऊ शकतात, हा माझा आपला ढोबळ अंदाज. बरं, मोठ्या लोकांचंही होतं. २००४ मध्ये रेक्याविकला रॅपिडच्या, म्हणजे कमी वेळाच्या, डावात १३ वर्षांचा मॅग्नस कार्लसन कास्पारोव्हसमोर बसला होता, कास्पारोव्ह म्हणजे तेव्हा जगात एक नंबर, आणि त्या पोराची पोझिशन चांगली होती, जिंकायचा चान्स होता, पण शेवटी ड्रॉ झाला. दुसरा डाव कास्पारोव्ह जिंकला. तेव्हा हातातून सुटणं हे काही फक्त कराडच्या पोस्टातच होत नाही. उलट्या बाजूचं ताजं उदाहरण आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं, २०२५ च्या महिला वर्ल्ड कपला बाटुमीत तिला १५ वं सीडिंग होतं, फायनलला समोर कोनेरू हंपी, दोन क्लासिकल (जास्त वेळाचे) डाव ड्रॉ झाले आणि रॅपिडच्या टायब्रेकमध्ये तिने घेतला. ते डाव लावून बघा, ओपनिंग नका बघू, फक्त शेवटच्या पंधरा-वीस चाली बघा आणि घड्याळ बघा.

परत असा डाव आला तर, विचारलंत. येणारच आहे. स्विस पद्धत आहे (कोणी बाद होत नाही, साधारण सारख्या पॉइंटवाल्यांच्या जोड्या लावतात), १८९५ ला झुरिकच्या स्पर्धेत वापरली म्हणून हे नाव, आणि पहिल्या राऊंडला यादी मधोमध कापून वरचा अर्धा खालच्या अर्ध्याला लावतात, १८० असले की १ ला ९१, १४ ला १०४. तुमचं रेटिंग १४००-१५०० मध्ये आहे तोवर दर ओपनला पहिल्या राऊंडला एक दादा माणूस फिक्स आहे. बरेच जण सांगतात की समोरच्याचं रेटिंग बघूच नका. मला हे पटत नाही. बघा की, आणि वयही बघा, आणि वरचा हिशोब घरूनच करून जा, मला काय जाणार आणि त्याला काय जाणार. तो आकडा माहीत असला की खुर्चीत बसायची पद्धत बदलते. मात्र "ड्रॉसाठी खेळते" असं ठरवून जाऊ नका. मारामारी करत गेले असं लिहिलंय तुम्ही, म्हणजे दिसेल ती सोंगटी एक्स्चेंज, ती सवय जरा कमी करा, कारण पट रिकामा झाला की ताकदवान खेळाडूचा फायदा वाढतो, एंडगेममध्ये त्याचं आणि आपलं अंतर जास्त उघडं पडतं. या वेळी तो घसरला म्हणून निभावलं.

आणि त्या हत्ती-घोड्याचं थोडं, कारण खरी भीती तिथेच असणार, की नाही म्हणाले आणि मग घोड्याने फसवलं तर? घोडा ज्या रंगाच्या घरात उभा असतो त्याच्या उलट्या रंगाच्या घरांवरच मारा करतो. म्हणजे एका उडीत दोन सोंगट्या धरायच्या तर त्या दोन्ही एकाच रंगाच्या घरात असायला लागतात. तुमचा राजा काळ्या घरात असेल तर हत्ती पांढऱ्यात ठेवा, राजा पांढऱ्यात गेला तर हत्ती काळ्यात, त्या दोघांवर फोर्क बसूच शकत नाही, बसवायचा म्हटला तरी. प्रत्येक चालीआधी फक्त एवढं एक बघायचं. दुसरं म्हणजे घोड्याला कडेची प्यादी सांभाळणं सगळ्यात अवघड जातं, पटाच्या मध्यावर तो शेर असतो, कडेला त्याच्या अर्ध्या उड्या पटाच्या बाहेर जातात. तुमचं ए पट्टीवरचं (डाव्या कडेचं) प्यादं पुढे जायला मोकळं होतं की नाही ते पत्रावरून कळत नाही, असेल तर तेच ढकलायचं, हत्ती त्याच्या मागे, आणि राजा आरामात मध्यावर आणायचा. घाई काहीच नाही, घाई त्याला आहे, त्याच्याकडे सहा मिनिटं आणि चालीला मिळतील ते जास्तीचे सेकंद.

पुढचे दोन राऊंड हरलात त्याबद्दल मात्र थोडं रागावणार. डाव संपल्यावर त्याच दिवशी इंजिन लावायचं नाही. टुर्नामेंट संपेपर्यंत नाहीच. मुलाने प्रेमाने लावलं असेल, पण प्लस चार बघून झोप उडाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नवीन माणसासमोर बसून आदल्या दिवशीचाच डाव खेळत होतात. मुलाला सांगा, शेवटचा राऊंड झाल्यावर हवं तेवढं लाव. त्यापेक्षा डाव झाल्यावर त्या मुलाबरोबरच दहा मिनिटं बसला असतात, ॲनालिसिसला, तर त्याने स्वतःच सांगितलं असतं की आंटी मी इथे गेलो होतो. ही पोरं पटावर काही का करेनात, डाव संपल्यावर खोटं बोलत नाहीत सहसा.

घाबरट आहात का... १०८० पासून, बाकावर बसून, स्वतःच्या पोराच्या क्लासबाहेर शिकून, सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्या राऊंडला २१३४ समोर घोड्याविरुद्ध हत्ती घेऊन बसलेल्या बाईने हे मला विचारावं? जाऊ दे, याला उत्तर देत नाही.

एक काम करा. ३४ व्या चालीची पोझिशन घरी पटावर लावा, मुलाला काळी द्या, घड्याळात तुमची ४१ आणि त्याची ६ मिनिटं, चालीला अर्धा मिनिट वर. त्याला सांगून ठेवा की मधे कधीतरी, तुम्ही विचारात असताना, ड्रॉ विचारायचा. दहा डाव खेळा. आणि पत्राबरोबर पाठवला होतात तो स्कोअरशीटचा फोटो परत पाठवा, या वेळी उजेडात काढा, १९ व्या चालीनंतर काय लिहिलंय ते मलाच काय, आर्बिटरलाही लागलं नसेल.